रोबोटचा स्वभाव आणि त्याच्या शेजारी उभी असलेली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चाकण, भोसरी आणि रांजणगावच्या कारखान्यांत कोबॉट बसवून देते. कोबॉट म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात न कोंडता माणसाच्या शेजारी काम करणारा रोबोट. बजाज ऑटोने २०१० पासून असे रोबोट चाकणच्या कामात आणले, पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली आणि आता छोट्या युनिटमध्येही एखाददुसरा दिसतो. मालक मला सायकल टाइमबद्दल, म्हणजे एका फेरीला लागणाऱ्या वेळेबद्दल विचारतात. ऑपरेटर मात्र विचारतात, "मॅडम, हा असा मधेच का थांबतो? रागावलाय का?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सहसा कोणी थांबत नाही. ते इथे सविस्तर देते आहे.

यंत्राला कसला आलाय स्वभाव?

यंत्राला मन नाही, त्यामुळे माणसाच्या अर्थाने स्वभावही नाही. पण नव्या माणसाचा स्वभाव तरी आपण कशावरून ओळखतो? त्याच्या वागण्यावरूनच. तो किती घाईत आहे, किती जवळ येतो, आवाज कसा करतो, चुकल्यावर काय करतो, हेच आपण पाहतो. रोबोटचा हात झपकन आला आणि तुमच्या मनगटापाशी कचकन थांबला, तर त्याने सुरक्षेचा नियम तंतोतंत पाळलेला असतो. शेजारी उभ्या माणसाला मात्र तो तापट वाटतो. तोच हात शेवटच्या वीतभर अंतरात मंदावला की समजूतदार वाटतो.

म्हणून "आम्हाला स्वभाव-बिभाव नको, साधा रोबोट द्या" ही मागणी मला पुरी करता येत नाही. कोणी विचार करून ठरवला नाही तरी स्वभाव तयार होतोच, आणि बहुतेक वेळा तो प्रोग्रॅम करणाऱ्याच्या घाईतून होतो.

शिकलीसवरलेली माणसंही यंत्राशी माणसासारखं का वागतात?

स्टॅनफर्ड विद्यापीठात क्लिफर्ड नास यांनी १९९० च्या दशकात एक साधा, सुंदर प्रयोग केला. लोकांनी एका संगणकावर काम केलं. नंतर त्याच संगणकाने विचारलं, "माझं काम कसं वाटलं?" तेव्हा लोकांनी बऱ्यापैकी गोड उत्तरं दिली. तोच प्रश्न शेजारच्या दुसऱ्या संगणकावर आला, तेव्हा उत्तरं जास्त रोखठोक होती. म्हणजे संगणकाच्या तोंडावर वाईट बोलायला माणसं कचरली. त्यांना हे विचारलं, तर संगणकाची भीड धरली असं कोणीच मान्य केलं नाही.

आपल्याला याचं नवल वाटायला नको. खंडेनवमीला लेथ आणि प्रेसला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते, त्या दिवशी यंत्राला पाय लावत नाहीत. (कोबॉटला माळ घालायची असेल तर तळाच्या बैठकीला घाला. सांध्यावर घातलेली माळ चालू केल्यावर अडकते आणि सणाच्या दिवशी लाइन बंद पडते.) ही माणसं यंत्राला जिवंत समजत नाहीत. ज्याच्याबरोबर रोज आठ तास काढायचे, त्याच्याशी नातं जोडल्याशिवाय त्यांना राहवत नाही, एवढंच.

पण याने कामात खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे बॅक्स्टर. रॉडनी ब्रूक्स यांच्या रीथिंक रोबोटिक्स या अमेरिकन कंपनीने तो २०१२ मध्ये बाजारात आणला. लाल रंगाचा, दोन हातांचा, डोक्याच्या जागी एक स्क्रीन आणि त्यावर दोन डोळे. किंमत सुमारे २२ हजार डॉलर, म्हणजे त्या काळच्या औद्योगिक रोबोटच्या मानाने बरीच कमी. त्याचे डोळे शोभेचे नव्हते. हात जिकडे जाणार, तिकडे ते आधी बघायचे. काम उमगलं नाही तर चेहरा गोंधळलेला दिसायचा. शेजारच्या माणसाला पुढची हालचाल क्षणभर आधी कळायची आणि त्यासाठी कुठलं मॅन्युअल वाचावं लागायचं नाही, कारण समोरच्याची नजर वाचायला आपण पाळण्यातच शिकलेलो असतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अॅलिसन सॉपे आणि बिल्गे मुतलू यांनी बॅक्स्टर वापरणाऱ्या कारखान्यांत जाऊन लोकांशी बोलून २०१५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. रोज त्याच्याबरोबर काम करणारे ऑपरेटर त्याच्याकडे सहकाऱ्यासारखे बघत होते, त्याला माणसाचे गुण चिकटवत होते. मेंटेनन्सवाले आणि वरचे अधिकारी त्याच रोबोटला निव्वळ यंत्र मानत होते.

माझा अनुभवही हाच आहे. रोबोट कुठला घ्यायचा ते केबिनमध्ये ठरतं, आणि केबिनला त्याचा स्वभाव दिसतच नाही. तो दिसतो दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला, आणि त्यालाच सगळ्यात शेवटी विचारलं जातं.

रीथिंक कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. बॅक्स्टरच्या हातात अचूकता कमी होती आणि विक्री पुरेशी झाली नाही. चांगल्या स्वभावाने कामातली कसर भरून निघत नाही, हेही त्यातून दिसलं. पण नजरेने आधी सांगायची ती कल्पना मला आजही अव्वल दर्जाची वाटते.

आमच्या कोबॉटला चेहराच नाही. मग?

चेहरा लागतच नाही. भोसरीच्या एका युनिटमध्ये कोबॉट मशीनमधून जॉब, म्हणजे तयार होणारा सुटा भाग, काढून ऑपरेटरच्या समोरच्या ट्रेमध्ये ठेवायचा. उत्पादन वाढवायला कोणीतरी त्याचा प्रवेग वाढवला. ऑपरेटरने तक्रार केली नाही. पण मी अर्धा तास नुसती उभी राहून बघितलं, तेव्हा दिसलं की प्रत्येक वेळी हात आला की हा माणूस डावा पाय मागे घेतो आणि खांदा आखडतो. शिफ्टभरात शेकडो वेळा. संध्याकाळी त्याची मान धरायची आणि तो दोष द्यायचा खुर्चीला.

आम्ही हात खाली येण्याआधी एक छोटा थांबा ठेवला आणि शेवटचा टप्पा हळू केला. सायकल किंचित लांबली. पण पाय मागे जायचा थांबला, ट्रे वेळेवर रिकामा होऊ लागला आणि दिवसअखेरचा आकडा घटला नाही. आठवडाभराने तो म्हणाला, "आता शहाणा झालाय."

कोबॉटच्या सुरक्षेसाठी २०१६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा टीएस १५०६६ हा दस्तऐवज आला. शरीराच्या २९ जागांवर किती दाब चालेल, याच्या मर्यादा त्यात आहेत. दचकण्याचं कोष्टक मात्र त्यात नाही. ते तुम्हाला शेजारी उभं राहूनच भरावं लागतं.

बोलका रोबोट चांगला की अबोल?

यावर संशोधकांचंच एकमत नाही, आणि त्याची कारणं समजून घेण्यासारखी आहेत.

नास यांच्या संगणकी आवाजांच्या प्रयोगात बोलक्या माणसांना बोलका आवाज आवडला आणि अबोलांना अबोल. सोनीच्या आयबो या कुत्र्यासारख्या रोबोटवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेमकं उलट दिसलं. तिथे लोक आपल्यापेक्षा वेगळ्या स्वभावाच्या आयबोबरोबर जास्त रमले. पक्षाघातानंतरच्या व्यायामासाठी अॅड्रियाना तापुस आणि माया मातारिच यांनी रोबोट वापरून पाहिला आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. तिथे बोलक्या माणसांना "चला, अजून जमेल" असं आव्हान देणारा रोबोट भावला आणि अबोलांना धीर देणारा.

मला यातला सगळ्यात उपयोगी वाटतो तो कार्नेगी मेलन विद्यापीठात जेनिफर गोएट्झ आणि सारा किसलर यांनी केलेला प्रयोग. रोबोट लोकांकडून व्यायाम करून घेत होता. गमत्या रोबोट लोकांना जास्त आवडला, पण व्यायाम जास्त वेळ केला तो गंभीर रोबोटच्या सांगण्यावरून. पुढच्या प्रयोगात काम मजेचं होतं, तेव्हा गमत्याचं ऐकलं गेलं. म्हणजे आवडणं वेगळं आणि ऐकणं वेगळं. "कामगारांना रोबोट आवडला का?" एवढाच प्रश्न विचारून सर्व्हे संपवलात, तर हातात अर्धंच उत्तर येईल.

वेल्डिंगच्या शेजारी, प्रेसच्या शेजारी मी नेहमी अबोल रोबोट सुचवते. तिथे आधीच कान किटलेले असतात.

एकच रोबोट एका ठिकाणी लाडका आणि दुसरीकडे नकोसा का होतो?

अमेरिकेतल्या एका रुग्णालयात सामान पोहोचवणारा टग नावाचा रोबोट होता. बिल्गे मुतलू आणि जोडी फोर्लिझी यांनी तिथे १५ महिने निरीक्षण करून २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिकांना तो गोड वाटायचा. कर्करोगाच्या वॉर्डात त्याच रोबोटचा राग यायचा, त्याला लाथाही बसल्या. रोबोट तोच, त्याची घोषणाही तीच. पण एका वॉर्डात कामाचा ताण जरा सैल, आणि दुसरीकडे परिचारिका फोनवर डॉक्टरांशी बोलत असताना किंवा रुग्णाच्या नातेवाइकांना काही कठीण सांगत असताना हा येऊन मोठ्याने "मी आलो" म्हणणार. माणूस दारातून आत डोकावून, अंदाज घेऊन थांबला असता.

आपण ज्याला पोच म्हणतो ती हीच. रोबोटकडे पोच नसेल तर त्याचा आवाज तरी कमी असावा.

चूक झाल्यावर रोबोटने ती कबूल करावी का?

येल विद्यापीठातल्या मार्गारेट ट्रेगर आणि सहकाऱ्यांचा २०२० मधला प्रयोग मी प्रत्येक सुपरवायझरला सांगते. तीन माणसं आणि एक रोबोट असे ५१ गट, एकूण १५३ माणसं. सगळ्यांनी मिळून टॅबलेटवर रेल्वेचे रूळ जोडायचे. काही गटांत रोबोट आपली चूक मोकळेपणाने मान्य करायचा, कधी स्वतःबद्दल काही सांगायचा, विनोद करायचा. काही गटांत नुसती कोरडी माहिती द्यायचा आणि काही गटांत गप्प राहायचा. पहिल्या प्रकारच्या गटांत माणसं एकमेकांशी जास्त बोलली, आणि ते बोलणंही तिघांत थोडं जास्त समान विभागलं गेलं. फक्त रोबोटशी असलेलं नातं बदललं असं नव्हे, माणसामाणसांतलं बदललं.

कारखान्यात याचा अर्थ फार मोठा आहे. आपल्याकडे लाइन थांबली की पहिला प्रश्न असतो, "कोणी केलं?" रोबोटच्या स्क्रीनवर नुसता एररचा नंबर आला, तर संशय शेजारच्या माणसावर जातो. तिथे "जॉब माझ्या ग्रिपरमधून (पकडीतून) निसटला" असं स्वच्छ मराठीत आलं, तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मी जिथे जमेल तिथे असे संदेश लिहून देते. रोबोटने क्षमा मागावी असा माझा आग्रह नाही. चूक कोणाची ते खरं सांगावं, एवढं पुरे.

रोबोटमुळे दोन कामगारांत वितुष्ट येऊ शकतं?

येऊ शकतं. कॉर्नेल विद्यापीठात माल्टे युंग यांच्या गटाने दोन माणसांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला दिला आणि ठोकळे वाटायचं काम रोबोटकडे सोपवलं. वाटप असमान झालं, तेव्हा दोघांना आपसातलं नातंच कमी समाधानकारक वाटलं. राग रोबोटवर निघायला हवा होता, तो जोडीदाराच्या नात्यात उतरला. दोन ऑपरेटरना एकच रोबोट जॉब पुरवत असेल, तर वाटपाचा क्रम दोघांनाही दिसेल असा ठेवा.

गोड वागणाऱ्या रोबोटवर माणसं जास्त विश्वास टाकतात का?

गोड वागणं सोडाच, रोबोट नुसता अधिकाराने पुढे चालला तरी टाकतात. जॉर्जिया टेक या अमेरिकन विद्यापीठात २०१६ मध्ये एका इमारतीत कृत्रिम धूर सोडून अलार्म वाजवला आणि बाहेरचा रस्ता दाखवायला रोबोट ठेवला. मुख्य प्रयोगातल्या २६ जणांपैकी सगळेच्या सगळे त्याच्या मागे गेले. त्यातल्या निम्म्यांनी काही मिनिटांपूर्वीच त्याला रस्ता चुकताना पाहिलं होतं. आत आलेलं दार त्यांना माहीत होतं, तरीही.

म्हणून स्वभाव देताना मी एकच कसोटी लावते: तो यंत्राची खरी स्थिती सांगतो का? कॅमेरा खराब झाला असताना चेहरा हसराच राहत असेल, तर तो चेहरा धोकादायक आहे. बॅक्स्टर गोंधळला की गोंधळलेला दिसायचा, म्हणून त्याचे डोळे प्रामाणिक होते. दुकानांत फिरणाऱ्या काही रोबोटना नुसते गोल डोळे चिकटवतात. त्या डोळ्यांना काहीच दिसत नसतं आणि ग्राहकाला वाटतं की आपल्याला पाहिलं.

रोबोटला जीव लावणं चुकीचं आहे का?

चुकीचं नाही, पण त्याचे परिणाम होतात. बॉम्ब निकामी करणाऱ्या अमेरिकी सैनिकांपैकी २३ जणांशी ज्युली कार्पेंटर यांनी बोलून २०१३ मध्ये अभ्यास पूर्ण केला. सैनिक रोबोटना नावं द्यायचे आणि तो नष्ट झाला की त्यांना राग, दुःख व्हायचं. रोबोट हे यंत्र आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कार्पेंटर यांची काळजी अशी की उद्या हे रोबोट आणखी सजीवासारखे झाले, तर त्यांना धोक्यात पाठवताना हात थबकेल, आणि तो धोका मग माणसाच्या अंगावर येईल.

एडिनबरामधल्या एका किराणा दुकानात २०१८ मध्ये पेपर या मॉडेलचा, फॅबिओ नावाचा रोबोट ठेवला होता. ग्राहकांना त्याचा उपयोग होईना. बिअर कुठे आहे असं विचारलं, तर "मद्याच्या विभागात" असं उत्तर. आठवड्याभरात त्याला परत पाठवायचं ठरलं, आणि खोक्यात भरताना दुकानातल्या काही कर्मचाऱ्यांना रडू आलं. रोबोटमुळे नोकरी जाईल म्हणून घाबरतील असं ज्यांच्याबद्दल वाटलं होतं, तीच ही माणसं.

स्वभाव अंगाशी आल्याची उदाहरणं आहेत का?

जपानमधलं हेन-ना हॉटेल २०१५ मध्ये रोबोट कर्मचाऱ्यांसाठी गाजलं. २०१९ पर्यंत त्यांनी २४३ पैकी निम्म्याहून जास्त रोबोट काढून टाकले. खोलीत ठेवलेली बोलकी बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला हुकूम समजायची आणि "नीट कळलं नाही, पुन्हा सांगा" म्हणून त्याला मध्यरात्री उठवायची. असे रोबोट सांभाळता सांभाळता माणसांचंच काम वाढलं होतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २०१८ मध्ये सायमन नावाचा तरंगता गोल रोबोट गेला. अलेक्झांडर गेर्स्ट यांच्याबरोबरच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात तो गाणं सोडेना, आणि टोकलं तेव्हा माझ्याशी नीट वागा म्हणू लागला. पृथ्वीवर ते गमतीचं वाटलं. कामाच्या घाईत असलेल्या माणसाला यंत्राची समजूत काढायची वेळ येणं मला बरोबर वाटत नाही.

रोबोट मराठीत बोलणार असेल तर काय पाहावं?

आधी "तू" की "तुम्ही" ते ठरवा. पंचवीस वर्षं लाइनवर काढलेल्या काकांना यंत्राने "बटण दाब" म्हणणं त्यांना झोंबतं, आणि ते योग्यच आहे. "बटण दाबा" म्हणावं. "कृपया प्रतीक्षा करावी" असलं स्टेशनवरचं मराठी नको, "थांबा, हात येतोय" पुरे. बाईचा आवाज ठेवायची सवय बहुतेक कंपन्यांना आहे. हुकूम झेलणारा आवाज बाईचाच असावा, हे कोणी ठरवलं? मी ऑपरेटरना निवडू देते, आणि ज्या लाइनवर बायका काम करतात तिथे हा प्रश्न आवर्जून विचारते.

चांगल्या स्वभावाच्या रोबोटमुळे नोकरी जाण्याची भीती कमी होते का?

नाही. आणि त्यासाठी त्याचा वापर करूही नये. कोणाचं काम जाणार, कोणाचं बदलणार, कोणाला नवीन शिकवणार, हे माणसाने माणसाला समोर बसून सांगायचं असतं. रोबोटवर हसरं स्टिकर लावून ते बोलणं टाळलेलं मी पाहिलं आहे. पहिल्याच आठवड्यात त्या स्टिकरचे डोळे कोणीतरी खरवडून काढले होते.

रोबोट दुसऱ्या लाइनवर हलवायचा आहे. कामगारांना सांगायची गरज आहे का?

सांगा, आणि आधी सांगा. चाकणच्या एका ठिकाणी ऑपरेटरने त्याच्या कोबॉटचं नाव राजा ठेवलं होतं. खडूने तळाच्या प्लेटवर लिहिलेलं. राजा कुठे अडतो, कुठल्या जॉबला ग्रिपर तिरका होतो, ओल्या तेलाच्या दिवसात कुठे हळू करावा लागतो, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. सोमवारी तो आला, तर जागा रिकामी. रोबोट रविवारीच दुसऱ्या शेडमध्ये नेला होता. तिकडच्या नव्या मुलाला पंधरा दिवस त्रास झाला, आणि राजाबद्दल जुन्या ऑपरेटरला विचारावं हे कोणाला सुचलं नाही. मी गेले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तो ऑपरेटर त्या शेडमध्ये सापडला. हातातल्या फडक्याने ग्रिपरची बोटं पुसत होता आणि त्या मुलाला सांगत होता, "याला सकाळी पहिले दहा जॉब हळू चालवायचा. थंड असतो तेव्हा ऐकत नाही."